अकरा बटणं, अडीच मिनिटं

९ फेब्रुवारी, सोमवार

आणि वर मलाच विचारतेस, "दादा, तुला झोप लागते का?" लागते. बारा तास उभं राहून बघ, तुलाही लागेल.

पैसे परत पाठवलेस. चार वर्षांत पहिल्यांदा. पोस्टातला माणूस खिडकीतून म्हणाला, "घेणाऱ्याने नाकारले." मला ऐकू आलं नाही असं वाटून परत म्हणाला, मोठ्याने. मागे रांग होती. मी म्हटलं, पत्ता चुकला असेल. त्याने पाकीट उलटं करून पत्ता वाचून दाखवला. माझंच अक्षर, बदकाच्या पायासारखं. चुकलेलं काहीच नव्हतं.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला कागदावर घाम फुटतो हे तुला माहीत आहे. तरी लिहायला लावलंस.

मागोमाग तुझी चिठ्ठी काय आली, तर तो झोपेचा प्रश्न आणि दोन ओळी. "त्या रविवारच्या फेऱ्यांचा कागद पाठव. तो आला की पैसे घेईन." वा गं शहाणे! सुरक्षा आणि जोखीम शिकायला विद्यापीठात गेलीस आणि पहिली चौकशी कुणाची, तर भावाची.

कागदांची चटक तुला मीच लावली. तूच म्हणाली होतीस, "दादा, पुस्तकातली उदाहरणं सगळ्यांकडे असतात, मला प्रोजेक्टला खरी जागा हवी." म्हणून गोडाऊनच्या सुपरवायझरच्या टेबलावरून आम्हा गार्डांच्या फेऱ्यांचे तीन महिन्यांचे कागद उचलले, झेरॉक्स मारली आणि तुला पाठवले. कुठल्या गार्डने किती वाजता भिंतीवरच्या कुठल्या बटणाला फेरी नोंदवणारी कांडी लावली, सगळं त्यात होतं. तुझ्या मॅडम खूश झाल्या. तेव्हा नाही विचारलंस दादाला झोप लागते का.

१८ जानेवारीला झालं ते वाईटच झालं, मी कुठे नाही म्हणतो? रविवार, गोडाऊन बंद, आत फक्त गार्ड आणि ऑफिस झाडायला आलेल्या मावशी. पंपाच्या खोलीत त्यांचा पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, तीन तास तशाच पडून राहिल्या. कांडीला त्या दिवशी लावलेलं कार्ड तात्यांचं, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या गार्डचं. चौकशीत साहेबांनी तात्यांना विचारलं, "तीन वेळा त्या खोलीतल्या बटणाला कांडी लावलीत आणि पायाशी पडलेली बाई दिसली नाही?" तात्या म्हणाले, "नाही दिसली." विषय संपला. सोळा वर्षांची नोकरी, टोपी आणि शिट्टी जमा करून घरी गेले.

मला काय आनंद झाला का? तात्यांनी मला इथे उभं राहायला शिकवलंय. पण माझी त्या दिवशी सुट्टी होती. रजिस्टरमध्ये आहे.

पैसे परत पाठवतोय. फीची तारीख वीस. घे आणि गप अभ्यास कर.

आईला यातलं काही बोलू नकोस.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

परत नाकारलेस. आता पोस्टातला माणूस मला बघूनच मान हलवतो.

पण या वेळी मोठं पत्र पाठवलंस. तीनदा वाचलं. दोन ठिकाणी अडलो ते शेजारच्या खाटेवरच्या सुताराला विचारलं. तो म्हणाला, "बहीण वकील आहे का?" मी म्हटलं, "त्याहून वाईट."

तू लिहितेस, कागदावर नाव नसलं तरी चाल ओळखता येते. तात्यांची फेरी कधी अडतीस मिनिटांची, कधी बेचाळीस. चार नंबरचं बटण जिन्याच्या तळाशी, पाच नंबरचं गच्चीच्या दाराशी, मध्ये चौऱ्याहत्तर पायऱ्या. तिथे तात्यांना नऊ मिनिटं लागतात. दर मजल्यावर गुडघा धरून थांबतात, म्हणून नऊ. सात आणि आठ नंबर एकाच पॅसेजमध्ये, दहा पावलांवर. तिथे त्यांना पाव मिनिट. पायऱ्या आणि गुडघा तुला माझ्याकडून माहीत, पण चाल तू इथे पाऊल न ठेवता सांगितलीस. खरं सांगू? तात्यांना एवढं त्यांच्या बायकोनेही बघितलं नसेल.

आणि दुसऱ्या गार्डचं लिहिलंस. प्रत्येक बटणामध्ये अडीच मिनिटं. चौऱ्याहत्तर पायऱ्यांना अडीच, दहा पावलांनाही अडीच. तीन महिने, ऊन असो पाऊस असो, अडीच.

नोव्हेंबरमध्ये तू फोनवर विचारलंस, "दादा, हा दोन नंबरचा गार्ड तू का?" मी म्हटलं, "हो. शिस्तीत चालतो मी, सैनिकासारखा." तू हसली नाहीस. मी एकटाच हसलो. तेव्हाच कळायला हवं होतं.

बरं, ऐक. लपवण्यासारखं काही नाही, अर्धं गोडाऊन हे करतं. बटणं भिंतीला स्क्रूने लावलेली असतात. मी स्क्रू काढून हुक लावले. ड्युटी सुरू झाली की एक चक्कर मारायची, अकराही बटणं उतरवून खिशात टाकायची. केबिनमध्ये एक फळी आहे, तिला ओळीने अकरा खिळे. तिथे टांगायची. मग खुर्चीत बसून, घड्याळ बघत, एकेका बटणाला कांडी लावायची. टूं वाजतं. यंत्राला वाटतं गार्ड फिरतोय. ड्युटी संपता संपता परत चक्कर मारून जिथली तिथे. म्हणजे दोन फेऱ्या खऱ्याच होतात, तेवढं तरी लिही तुझ्या प्रोजेक्टमध्ये.

शहाणपणा केला होता मी. सगळी एकदम लावली तर पकडतील, म्हणून मध्ये वेळ सोडायचो. पण सगळीकडे सारखाच सोडला. जिना मनात आलाच नाही. बसलेल्या माणसाच्या मनात जिना कसा येणार?

हे का केलं विचारशील. मला एका जागी थांबवत नाही, आणि एकाच वाटेवर दिवसातून बारा वेळा फिरवतही नाही. लहानपणी शाळेची भिंत चढून पळालो, कारखान्यातून पळालो, बोटीवरचं काम सोडलं. इथे पळता येत नव्हतं, तुझी फी होती. म्हणून बसल्या जागी पळालो.

आता तुझं. तू लिहितेस, "ते पान मी प्रोजेक्टमधून काढून टाकलं. तुझे तीन महिने मोजलेच नाहीत. मला पंच्याऐंशी मार्क मिळाले. दादा, ते पान ठेवलं असतं तर मावशी तीन तास पडल्या नसत्या." म्हणजे तूही गप्पच बसलीस की! मग मला कुठल्या तोंडाने विचारतेस?

हे लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. राहू दे. खोडलं तर तुला वाटेल याहून वाईट काहीतरी होतं.

त्या रविवारी मी गोडाऊनवर आलो होतो. नुसता आलो होतो. एवढंच.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज भांडायला लिहीत नाही.

काल दवाखान्यात गेलो. तू सांगितलंस म्हणून नाही. म्हणजे तू सांगितलंस म्हणूनच, पण दारापर्यंत गेल्यावर माझं मी आत गेलो. चारची भेटायची वेळ. सहा खाटांची खोली, मावशी खिडकीजवळ, पाय वर बांधलेला, वजन लटकवलेलं. मी केळी नेली होती. त्यांनी केळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बस. स्टूल हलतं, जपून."

मी म्हटलं, "कसं आहे, मावशी?"

"मोडलेलं आहे. तुझं कसं आहे?"

मी काहीतरी हवापाण्याचं बोललो. मग त्या सांगायला लागल्या. मी विचारलं नव्हतं.

"कांडीचा आवाज मला पाठ आहे रे. नऊ वर्षं ऐकतेय. तात्यांची फेरी असली की टूं लांबून येतो, मग जवळ, मग माझ्यापाशी. 'काय मावशी, झालं का झाडून?' विचारतात, मग टूं पुढे जातो. त्या दिवशी पडले तेव्हा म्हटलं, काही हरकत नाही, फेरी येईल. आवाज आलाच. भिंतीपलीकडून. मग परत तिथूनच. परत तिथूनच. मी मोजत होते. सहा झाले, म्हटलं आता दार उघडेल. मग सात झाले. अकरा झाले. मग बंद."

पंपाची खोली आणि आपली केबिन यांच्यात एकच भिंत आहे. हे तुझ्या कागदावर दिसत नाही.

"हाका मारल्या. पंप सुरू झाला की माझं मलाच ऐकू यायचं नाही. बंद झाला की परत मारायचे. तुझ्या कानात ते असणार."

होतं. मोबाइलवर मॅच चालू होती, दोन्ही कानांत इयरफोन होते.

"तेहतीस मोजले," मावशी म्हणाल्या. "तीन फेऱ्या. मग तू आलास. हातात बटण होतं."

"हो."

"आधी ते टांगलंस."

माझं स्टूल हललं.

"वाकडं लागलं होतं, ते परत सरळ केलंस. मग माझ्याकडे आलास."

शहाणे, हे तुझ्या कुठल्याही कागदावर येणार नाही, म्हणून मी लिहितोय. मी दार उघडलं, मावशी जमिनीवर होत्या, डोळे उघडे, माझ्याकडे बघत होत्या. आणि मी बटण टांगलं. सहा नंबरचं. का ते मला विचारू नकोस, मी रोज विचारतो.

तर ऐक, सगळं. त्या दिवशी ड्युटी तात्यांची, पण त्यांची मुलगी बाळंत झाली होती, भेटायची वेळ रविवारी दुपारचीच. मला म्हणाले, "चार तास सांभाळशील? कार्ड माझंच लाव, उगाच कागद नको." आम्ही करतो असं, तुझं मी, माझं तू. मी त्यांचं कार्ड लावलं आणि माझ्यासारखी ड्युटी केली. मावशी सापडल्यावर आधी अॅम्ब्युलन्सला फोन केला, मग तात्यांना. ते धावत आले. त्या गुडघ्याने, धावत. केबिनमधली फळी बघितली. हुक बघितले. कांडी माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाले, "तू इथे नव्हतास. घरी जा."

मी म्हटलं, "तात्या, पण..."

"बदली मी मागितली होती. तुझ्या बहिणीचं शेवटचं वर्ष आहे. जा म्हटलं ना."

आणि मी गेलो. तेच आपलं, भिंत चढून.

मी मावशींना विचारलं, "तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?"

त्या म्हणाल्या, "आले होते ना दोघं, कोट घातलेले. विचारलं, चप्पल कुठली होती, लादी ओली होती का. तेवढं विचारलं, तेवढं सांगितलं. मग तात्या येऊन बसले. म्हणाले, पोराची बहीण शिकतेय. मी म्हटलं, शिकू दे."

नंतर म्हणाल्या, "ती धोक्याचंच शिकते ना? मग तिला एक सांग. धोक्याच्या घंटेचं लाल बटण त्या खोलीत आहे. मला दिसत होतं. पण ते उभ्या माणसाच्या हाताशी लावलंय. पडलेल्या माणसाचा हात कुठवर पोचतो, ते कुणी मोजलंय का?"

नर्स आली, वेळ संपली म्हणाली. मावशींनी दोन केळी ठेवून घेतली, बाकीची मला परत दिली. "बाहेर सावकाश उतर," म्हणाल्या. "जिना आहे."

८ मार्च, रविवार

तुझं पत्र बुधवारी आलं. तुझ्या मॅडमसमोर ते पान ठेवलंस म्हणे, आणि भावाचं आहे म्हणून काढलं होतं हेही सांगितलंस. प्रोजेक्ट रद्द, सहा महिने परत, आणि ज्या कंपनीने तुला जोखीम तपासायला घ्यायचं ठरवलं होतं ती आता थांबणार की नाही ते माहीत नाही. मॅडमनी वर विचारलं, "एवढं खरं बोलायला एवढा उशीर का लावलास?" आणि तू म्हणालीस, "आमच्या घरात सवय आहे." ते वाचून मला हसू आलं. सुतार म्हणाला, वकिलीणबाई काय म्हणतात? मी म्हटलं, केस हरल्या.

माझंही ऐक. सोमवारी सकाळी मी फळी काखेत घेऊन ऑफिसात गेलो. खिळ्यांसकट. साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?"

"फेरी," मी म्हटलं.

त्यांना कळेना. मग मी त्यांच्यासमोर खुर्चीत बसलो, न विचारता, आणि बसल्या जागी फेरी मारून दाखवली. अकरा वेळा. कांडी नव्हती, तर पेन घेतलं, आणि टूं तोंडाने केलं. साहेब हसले नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "अठरा जानेवारी?"

"मी होतो. तात्यांचं कार्ड, पण मी."

"कशावरून?"

एवढं कबूल करूनही कशावरून! मग मी तुझं सांगितलं. म्हटलं, त्या दिवसाचा कागद काढा, जिन्यापाशी बघा. नऊ मिनिटं दिसली तर तात्या, अडीच दिसली तर मी. त्यांनी काढला. बोट ठेवून बघितलं. मग दुसऱ्या दिवसांचे काढले. बराच वेळ नुसता कागदांचा आवाज. "हे तुला कुणी शिकवलं?" म्हणाले. "बहिणीने," मी म्हटलं. "इथे कामाला येईल का?" मी म्हटलं, "तुम्हाला परवडणार नाही, साहेब. ती मावशींनाही विचारते."

खरं तर अजून विचारलेलं नाहीस. पण विचारशील. लाल बटणाचं त्यांनी सांगितलेलं मी साहेबांनाही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. लावतील की नाही कोण जाणे, मी तिथे बघायला नसेन.

मला काढलं. तात्यांना परत घेतलंय, पण गेटवर, खुर्ची देऊन, आणि कार्ड दुसऱ्याला दिल्याबद्दल एक महिन्याचा पगार कापून. त्यांच्या घरी सांगायला गेलो तर दारातच ओरडले, "गाढवा, मी एवढं गप्प बसलो ते कशासाठी? सगळं ओतलंस मातीत!" बायको मागून म्हणाली, "अहो, त्याला आत तरी घ्या." आत घेतलं. चहा आला, गेला. निघताना पाठ करून म्हणाले, "बाळ बघितलंस का? बघून जा." बघितलं. मूठ आवळून झोपलं होतं.

सोमवारीच संध्याकाळी साहेबांनी ड्रिल मशीन हातात दिलं. "तूच काढलीस, तूच लाव." हुक काढले, अकरा बटणं स्क्रूने घट्ट बसवली. पंपाच्या खोलीत गुडघ्यांवर बसलो होतो, स्क्रू खाली पडला म्हणून. तिथून वर बघितलं. लाल बटण खरंच दिसतं. हात लांब केला. नाही पुरत.

मग साहेबांना न विचारता कांडी घेतली आणि एक फेरी मारली. चालत. गच्चीच्या दाराशी दम लागला, थांबलो. तिथून समोरचं सगळं दिसतं, तलावापर्यंत. दोन वर्षं त्या इमारतीत होतो, मला माहीत नव्हतं.

आता रस्त्यापलीकडच्या गोडाऊनमध्ये पोती उचलतो. रोजच्या रोज पैसे, सुतार म्हणतो खांदा पंधरा दिवसांत तयार होतो. तू परत पाठवलेले सात हजार मावशींच्या मुलीला दिले. नको नको म्हणाली, मग आईच्या चेहऱ्याकडे बघून घेतले. तुला विचारलं नाही, रागावू नकोस.

आईला मी फोन करून सांगितलं. सगळं. तिने पहिलं विचारलं, "ती बाई उठून बसते का?" मी म्हटलं बसते. म्हणाली, "मग तिच्याकडे जात जा." दर रविवारी जाणार आहे. आज जाऊन आलो.

सोबत दोन कागद आहेत. एक त्या रविवारचा, साहेबांनी सही करून दिलाय, तुझ्या मॅडमना दाखवायला. दुसरा माझ्या शेवटच्या फेरीचा. तो तुझ्यासाठी. चार ते पाच नंबर बघ, साडेचार मिनिटं. सात ते आठ, आठ सेकंद. पाच ते सहा फार वेळ दिसेल, तिथे मी गच्चीवर उभा होतो.

सहा महिन्यांची फी एकदम जमणार नाही, आठवड्याला थोडी थोडी येईल. या वेळी नाकारू नकोस. पोत्यांच्या पहिल्या आठवड्याचे आहेत, खाणं आणि खाटेचं भाडं वजा करून.

एक हजार आठशे साठ.